कागदावरचा संघ

खेळ पाहावयास बसलेल्या प्रत्येक प्रेक्षकाच्या मनांत एक निवडमंडळ बसलेलें असतें. अमक्यास संघांत घेतलें हें चुकलें, तमक्यास वगळलें हें त्याहूनहि चुकलें, आणि अधिकार आपल्या हातीं असता तर ही फजिती झाली नसती, असे निकाल तें मंडळ घटकेघटकेला देत असतें. या निकालांचा मोठा गुण असा, कीं ते कधींच कसोटीस लागत नाहींत. खऱ्या निवडमंडळाची चूक दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत छापून येते. प्रेक्षकाची चूक त्याची त्यालाहि आठवत नाहीं. अमेरिकेंतील कांहीं लेखक व संपादक मंडळींनीं १९८० सालीं या मनांतल्या निवडमंडळाची परीक्षा घेण्याची एक युक्ति काढली. तिकडे तिला फँटसी बेसबॉल म्हणतात. आपण काल्पनिक बेसबॉल म्हणूं. या खेळास मैदान लागत नाहीं, बॅट लागत नाहीं, अंगांत ताकदहि लागत नाहीं. दहा मित्र, कागद, पेन्सिल आणि खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीचे आंकडे एवढ्या साहित्यावर हा खेळ सहा महिने चालतो.

कल्पना अगदीं साधी आहे. बेसबॉलचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास मित्रमंडळी एकत्र जमते आणि खऱ्या संघांतील खेळाडू आपसांत वांटून घेते. प्रत्येकाच्या वांट्यास आलेले खेळाडू म्हणजे त्याचा कागदावरचा संघ. एक गोलंदाज सिनसिनाटीचा, एक फलंदाज फिलाडेल्फियाचा, एक शिकागोचा, अशी त्याची भरती असते. ते खेळाडू एकमेकांच्या शेजारीं उभेहि राहत नाहींत. पण त्यांपैकीं जो जें कांहीं मैदानावर करील तें त्याच्या कागदी मालकाच्या खात्यावर जमा होतें. हंगाम संपला कीं ज्याचें खातें भारी तो विजयी.

हा खेळ बेसबॉलच्याच पोटीं जन्मास यावा यांत नवल नाहीं. फुटबॉलमध्यें गोल कोणीं केला हें सांगतां येतें, परंतु त्यामागें राबलेल्या दहा जणांचें श्रेय तराजूंत घालून वांटतां येत नाहीं. बेसबॉलमध्यें आपल्या क्रिकेटप्रमाणेंच गोलंदाज व फलंदाज एकास एक समोर उभे असतात आणि प्रत्येक चेंडूचा हिशेब कोणाच्या तरी नांवें मांडतां येतो. हें साम्य केवळ योगायोगाचें नाहीं. बेसबॉलचे आंकडे पद्धतशीर लिहिण्याची चाल ज्यांनीं रुजवली ते हेन्री चॅडविक इंग्लंडांत १८२४ सालीं जन्मलेले होते. लहानपणीं अमेरिकेंत आल्यावर त्यांनीं वृत्तपत्रांत प्रथम क्रिकेटचींच वृत्तें लिहिलीं, आणि क्रिकेटच्या धावपत्रकाचा नमुना पुढें बेसबॉलला लावला. चौकटींत मांडलेलें तें पत्रक अमेरिकेंतील घराघरांत सकाळच्या चहाकॉफीबरोबर वाचलें जाऊं लागलें. शिवाय बेसबॉलचे सामने फार. मुख्य संघांपैकीं प्रत्येकास एका हंगामांत १६२ सामने खेळावे लागतात. सचिन तेंडुलकर यांना २०० कसोटी सामने खेळण्यास २४ वर्षें लागलीं. बेसबॉलचा नेमानें खेळणारा खेळाडू सव्वा हंगामांत तेवढे सामने खेळून मोकळा होतो. जेथें रोज आंकडे पिकतात तेथें आंकड्यांचा व्यापार सुरू व्हावा हें ओघानेंच आलें.

या व्यापाराची पहिली पेढी विद्यापीठांत निघाली. विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञानें १९६० सालीं हार्वर्ड येथें मित्रांना जमवून असा एक खेळ सुरू केला, आणि त्यास नांव दिलें ‘बेसबॉल सेमिनार’. नांव ऐकून कोणासहि वाटावें कीं येथें प्रबंध वाचले जात असतील. गॅमसन पुढें मिशिगन विद्यापीठांत गेले तेव्हां सेमिनारहि त्यांच्यामागोमाग गेला, आणि तेथील प्राध्यापक त्यांत सामील झाले. त्यांपैकीं रॉबर्ट स्क्लार यांनीं ही हकीकत आपल्या एका विद्यार्थ्यास सांगितली. त्या विद्यार्थ्याचें नांव डॅनिअल ओक्रेंट.

दहा वर्षें लोटलीं. ओक्रेंट लेखन व संपादन यांवर चरितार्थ चालवूं लागले होते. १९७९ च्या नोव्हेंबरांत विमानानें टेक्सासकडे जात असतां त्यांना गुरुजींची ती हकीकत आठवली आणि विमानांत बसल्या बसल्या त्यांनीं आपल्या खेळाचे नियम लिहून काढले. टेक्सासमधल्या मित्रांनीं त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें व सोडून दिलें. न्यूयॉर्कच्या मित्रांनीं मात्र तें उचलून धरलें. ही मंडळी मॅनहॅटनमधील ‘ला रोटिसरी फ्रान्सेझ’ या फ्रेंच उपाहारगृहांत भोजनास जमत असे. म्हणून लीगचें नांवहि ‘रोटिसरी लीग’ पडलें. रोटिसरी म्हणजे सळईवर मांस फिरवून भाजण्याची जागा. उपाहारगृह पुढें बंद पडलें, परंतु त्याचें नांव अमेरिकेंतील लक्षावधि लोकांच्या तोंडीं राहिलें. एका भोजनगृहास याहून मोठी कीर्ति कोणती मिळावयाची?

ओक्रेंट यांच्या योजनेंतील खुबी कशांत आहे हें पाहण्यासारखें आहे, कारण अशी लीग ज्याला काढावयाची त्याला तेथूनच आरंभ करावा लागतो. पहिली खुबी टंचाईची. अमेरिकेंत बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगा आहेत. रोटिसरीवाल्यांनीं त्यांपैकीं एकच, नॅशनल लीग, निवडली. १९८० सालीं तींत १२ संघ होते व प्रत्येक संघांत २५ खेळाडू, म्हणजे सारे मिळून ३००. पुढें रूढ झालेल्या नियमाप्रमाणें प्रत्येक कागदी संघांत २३ खेळाडू लागतात: १४ फलंदाज आणि ९ गोलंदाज. दहा मालक धरले तर २३० खेळाडू खपले. आतां पहिले तीस वीर कोण हें रस्त्यावरचा पोरहि सांगेल. पण दोनशेंदहावा खेळाडू कोण, तो कोणाच्या दुखापतीमुळें संघांत आला, त्याला आठवड्यांतून किती दिवस खेळावयास मिळेल, हें सांगणारा विरळा. टंचाई असल्यावांचून ज्ञानाची किंमत होत नाहीं. म्हणून लीग काढणारानें पहिला विचार करावयाचा तो हा, कीं भागीदार किती व भांडार केवढें. भांडार फार मोठें ठेवलें तर सर्वांचेच संघ बलाढ्य होतात आणि खेळांतली चुरस जाते.

दुसरी खुबी लिलावाची. चिठ्ठ्या टाकून खेळाडू वांटले तर दैवाचा खेळ झाला. पाळीपाळीनें निवडले तर ज्याची पाळी पहिली त्याचा फायदा झाला. लिलावांत प्रत्येक खेळाडू प्रत्येक मालकास खुला असतो; प्रश्न एवढाच, कीं तुम्ही त्याच्यासाठीं किती मोजणार? प्रत्येकाजवळ सारखेच २६० डॉलर असतात. पाळीपाळीनें एकेकानें नांव पुकारावयाचें, बोली एक डॉलरपासून चढवावयाची, आणि तेवीसहि जागा भरल्याच पाहिजेत. येथें हिशेबी माणसाची परीक्षा होते. ज्याच्याजवळ ३० डॉलर उरले आहेत व १० जागा रिकाम्या आहेत, त्यास पुढच्या खेळाडूवर २१ डॉलरांहून अधिक बोली करतां येत नाहीं, कारण उरलेल्या नऊ जागांसाठीं एकेक डॉलर राखून ठेवणें भाग असतें. आरंभीं मोठ्या नांवांवर पैसा उधळणारा मालक शेवटच्या तासांत हात जोडून बसतो, आणि ज्यानें धीर धरला तो तेव्हां चांगले खेळाडू दोनतीन डॉलरांत उचलतो. उलट फार धीर धरणाराच्या खिशांत लिलाव संपल्यावर पैसे उरतात, आणि त्या पैशांचा पुढें कांहींएक उपयोग नसतो. संसारांतहि कृपण व उधळ्या यांची गति फारशी वेगळी नसते.

लिलावांत माणूस खेळाडू विकत घेत नाहीं, खेळाडूची आठवण विकत घेतो. सिनसिनाटीच्या जॉर्ज फॉस्टर यानें १९७७ सालीं ५२ होमरन मारले होते, म्हणजे चेंडू मैदानापार धाडून ५२ वेळां पुरा फेरा मारला होता. तो पराक्रम डोळ्यांपुढें ठेवून त्यास घेणारांना १९८० सालीं तो तसा सांपडला नाहीं. ओक्रेंट यांनीं १९८१ सालीं या नव्या खेळावर जो पहिला लेख लिहिला त्याचें शीर्षकच असें होतें, कीं ‘ज्या वर्षीं जॉर्ज फॉस्टर छत्तीस डॉलरांच्या लायकीचा नव्हता’. गेल्या हंगामाची कीर्ति ही गेल्या वर्षीच्या आंब्यांसारखी असते. चव आठवते, पण पोट भरत नाहीं.

तिसरी खुबी गुण देण्याच्या पद्धतींत आहे. रोटिसरी लीगनें आठ रकाने ठरवले: चार फलंदाजीचे व चार गोलंदाजीचे. फलंदाजीकडे सरासरी, होमरन, फटक्यानें घरीं आणलेल्या धावा आणि चोरलेले बेस; गोलंदाजीकडे जिंकलेले सामने, शेवटीं येऊन राखलेले सामने, नऊ डावांमागें दिलेल्या धावांचें प्रमाण आणि दर डावामागें बेसवर जाऊं दिलेल्या फलंदाजांचें प्रमाण. हें शेवटचें प्रमाण ओक्रेंट यांनीं स्वतः बसवलें. फटका मारून व चार वाईट चेंडू मिळून जितके फलंदाज बेसवर गेले त्यांची बेरीज करावयाची व तिला डावांच्या संख्येनें भागावयाचें. सहा डावांत पांच फटके व एक फुकटचा बेस दिला, तर भागाकार बरोबर एक येतो. ही कामगिरी उत्तम. कागदी खेळासाठीं काढलेलें हें माप आज खऱ्या बेसबॉलच्या पत्रकांत छापलें जातें आणि खऱ्या गोलंदाजांची योग्यता त्यानें मोजली जाते. खेळण्यांतला तराजू बाजारांत चालूं लागावा असा हा प्रकार आहे.

दहा संघांच्या लीगमध्यें प्रत्येक रकान्यांत जो पहिला त्यास दहा गुण, दुसऱ्यास नऊ, याप्रमाणें शेवटच्यास एक. आठहि रकान्यांत पहिला आला तर ऐंशीं गुण. असा विद्यार्थी अजून कोणत्याच वर्गांत सहसा निपजत नाहीं. येथें एका विषयांतील अतिरिक्त विद्वत्ता वायां जाते. दुसऱ्यापेक्षां एक होमरन अधिक मारला काय नि साठ अधिक मारले काय, गुण दहाच. त्यामुळें शहाणा मालक जेथें आधिक्य झालें आहे तेथील खेळाडू देऊन जेथें उणीव आहे तेथील खेळाडू बदल्यांत घेतो. हंगामभर चालणारी ही देवघेव म्हणजे या खेळाचा प्राण.

हिशेब ठेवणारास एक सावधगिरी घ्यावी लागते. एका फलंदाजानें ५०० संधींत १५० फटके मारले, म्हणजे त्याची सरासरी .३०० झाली. दुसऱ्यानें ५० संधींत १० मारले, त्याची सरासरी.२००. दोघांची मिळून सरासरी किती, असें विचारलें तर नवशिका .२५० म्हणून मोकळा होतो. परंतु एकूण फटके १६०, एकूण संधि ५५०, म्हणून खरी सरासरी .२९१. सरासऱ्यांची सरासरी काढूं नये, हा अंकगणितांतला जुना धडा येथें पैजेवर शिकावा लागतो. १९८० सालीं ही सारी आंकडेमोड हातानें करावी लागे. छापील आंकडे उतरून घ्यावयाचे, तेवीस तेवीस नांवांच्या बेरजा करावयाच्या, आणि क्रमांक लावावयाचे. पुढें हें काम यंत्रांनीं पत्करलें.

परंतु यंत्रानें बेरीज होते, लीग चालत नाहीं. लीग चालवण्याचें खरें कठीण कर्म बेरजेच्या पलीकडचें आहे. प्रत्येक लीगला एक प्रमुख लागतो. तिकडे त्यास कमिशनर म्हणतात. तो बहुधा स्वतःहि एका संघाचा मालक असतो, म्हणजे पंचहि तोच आणि गडीहि तोच. म्हणून जुन्या लीगांतून दोन गोष्टी कटाक्षानें पाळल्या जातात. पहिली, सर्व नियम लिलावापूर्वीं लिहून सर्वांनीं मान्य करावयाचे. खेळाडू जायबंदी झाला तर त्याच्या जागीं कोणास घ्यावयाचें, दोघांचे गुण सारखे झाले तर काय करावयाचें, खरा संघ आपला खेळाडू दुसऱ्या लीगमध्यें पाठवील तर त्याच्या कागदी मालकाचें काय, हे प्रश्न उद्भवण्यापूर्वीं सुटलेले असले पाहिजेत. या शेवटच्या प्रश्नावर मूळ रोटिसरीचा निकाल निष्ठुर होता: खेळाडू नॅशनल लीगमधून गेला कीं त्याची कामगिरीहि गेली, आणि मोजलेले डॉलर बुडाले. निष्ठुर नियम आगाऊ ठाऊक असला तर माणूस तो सोसतो. सौम्य नियम मागाहून काढला तर तो पक्षपात ठरतो. दुसरी गोष्ट, ज्या तंट्यांत प्रमुख स्वतः पक्षकार असेल तो तंटा त्यानें इतरांवर सोंपवावयाचा. आणि वर्गणी जमवावयाची असेल तर ती पहिल्याच दिवशीं रोख जमवावयाची. हंगामाच्या अखेरीस हरलेल्याकडे पैसे मागणाऱ्या कमिशनरचे मित्र लवकर कमी होतात.

तथापि लीग मोडते ती नियमांच्या अभावीं नव्हे. ती मोडते जुलै महिन्यांत. हंगाम अर्धा सरलेला असतो. पहिल्या तिघांत चुरस असते आणि नववा व दहावा मालक आशा सोडून बसलेला असतो. तो यादीकडे पाहत नाहीं. जायबंदी गडी तसाच संघांत ठेवतो. पत्रास उत्तर देत नाहीं. वरवर पाहतां त्यानें नुकसान केलें तें स्वतःचें. परंतु या खेळांत प्रत्येक रकान्यांतला क्रमांक इतर सर्वांच्या क्रमांकांवर अवलंबून असतो. दहावा स्वस्थ बसला, कीं त्याच्या पुढें जाणाऱ्या एखाद्यास फुकटचा एक गुण मिळतो, आणि पहिल्या दोघांतला निकाल अशा एका गुणावर लागूं शकतो. त्याहून वाईट म्हणजे कांहीं जण जातां जातां आपले उत्तम खेळाडू एखाद्या जिवलग मित्राच्या पदरांत टाकून मोकळे होतात. तेथें मैत्री व न्याय यांचा कलह लागतो, आणि वीस वीस वर्षांचा स्नेह एका खेळाडूवरून तुटतो.

यावर उपाय योजले गेले आहेत. एका ठराविक तारखेनंतर अदलाबदल बंद. स्वस्तांत घेतलेला तरुण खेळाडू पुढच्या वर्षींहि त्याच किंमतीस ठेवण्याची मुभा, म्हणजे तळच्या मालकास उद्याची आशा राहते. चौथ्या क्रमांकापर्यंत कांहींतरी बक्षीस, म्हणजे मधल्यांस झटण्याचें कारण राहतें. परंतु सर्वांत मोठा उपाय नियमांच्या पुस्तकांत नाहीं. तो लिलावाच्या खोलींत कोणास बोलवावयाचें या एका प्रश्नांत आहे. बेसबॉलचें ज्ञान थोडें कमी असलेला परंतु हरत असतांहि सप्टेंबरपर्यंत आपली यादी नीट ठेवणारा मनुष्य हा लीगचा खरा आधारस्तंभ. जिंकणारास नियम पाळणें सोपें असतें. आपल्याला मिळावयाचें कांहीं उरलेलें नसतां दुसऱ्यांचा खेळ बिघडूं नये म्हणून जो शेवटपर्यंत खेळतो, त्याच्या बळावरच जिंकणाऱ्याच्या विजयास कांहीं अर्थ असतो.

या खेळाचा प्रसार एका संपामुळें झाला हेंहि मौजेचें आहे. १९८१ च्या जूनमध्यें बेसबॉलच्या खेळाडूंनीं संप केला व ऑगस्टपर्यंत मैदानें ओस पडलीं. क्रीडावार्ताहरांना लिहावयास सामने उरले नाहींत. त्यांनीं या कागदी लीगवर लिहिलें. १९८४ सालीं संस्थापकांनीं नियमांचें पुस्तक काढलें. गांवोगांवीं लीगा निघाल्या. आणि संस्थापकांनीं रोटिसरी हें नांव आपल्या हक्काचें म्हणून राखल्यामुळें इतरांनीं फँटसी हा शब्द जवळ केला. पुढें संगणकांच्या जाळ्यानें आंकडेमोडीचे श्रम संपवले, आणि मोठमोठ्या कंपन्या या धंद्यांत उतरल्या. तेव्हां प्रश्न निघाला, कीं खेळाडूचें नांव व त्याचे आंकडे हे कोणाच्या मालकीचे? मेजर लीग बेसबॉलच्या वतीनें परवान्याची मागणी झाली, तेव्हां मिसूरी राज्यांतील सी. बी. सी. या कंपनीनें न्यायालयांत धाव घेतली. २००७ सालीं अपील न्यायालयानें निर्णय दिला, कीं ही माहिती सर्व जनतेस खुली आहे आणि ती वापरण्याचें स्वातंत्र्य राज्यघटनेनें दिलेलें आहे. २००८ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें. चॅडविक यांनीं मांडलेली चौकट अशा रीतीनें सर्वांची ठरली.

पैसा आला कीं मात्र खेळाची जात बदलूं लागते. बेसबॉलला जुगाराचा जुना डाग ठाऊक आहे. १९१९ च्या अंतिम मालिकेंत पैसे घेऊन हरल्याच्या आरोपावरून शिकागोच्या आठ खेळाडूंना कायमचें बाहेर काढण्यांत आलें होतें. मित्रांनीं वर्गणी काढून सहा महिने खेळणें आणि अनोळखी माणसांनीं रोज संध्याकाळीं पैसे लावणें यांत अंतर आहे, आणि तें अंतर कोठें संपतें याचा वाद आपल्याहि दारीं येऊन गेला. क्रिकेटच्या अशाच कागदी संघांचा ड्रीम इलेव्हन हा व्यवसाय २००८ सालीं मुंबईंत निघाला. २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तो कौशल्याचा खेळ ठरवला. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या अशा सर्वच खेळांना मनाई करणारा कायदा केला, तेव्हां पैशाचे सामने बंद करावे लागले. निवडीस कौशल्य लागतें हें खरें. परंतु सहा महिन्यांत जें कौशल्य दिसतें तें एका संध्याकाळींहि दिसेलच असें नाहीं. मूळ खेळाची सारी नीति त्याच्या लांबींत होती.

आणखीहि एक किंमत मालकास मोजावी लागते. ज्या गांवच्या संघावर त्याचें लहानपणापासून प्रेम, त्याच संघाविरुद्ध त्याचा कागदी गोलंदाज उभा राहतो, आणि टाळी कोठें वाजवावी हें त्याला कळेनासें होतें. पण त्याच मनुष्यास आतां दूरच्या शहरांतला, वृत्तपत्रांत नांवहि न येणारा दोनशेंदहावा खेळाडू माहीत असतो. तो कसा खेळला हें तो रोज सकाळीं पाहतो. कीर्तीच्या उजेडाबाहेर राबणाऱ्यांकडे कोणीतरी नेमानें लक्ष देतो, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

ओक्रेंट यांनीं खेळ काढला, नियम लिहिले, माप बसवलें. त्यांच्या लीगमध्यें विजेत्याच्या डोक्यावर शँपेनऐवजीं ‘यू हू’ नांवाचें चॉकलेटचें पेय ओतण्याची चाल होती. तें पेय त्यांच्या डोक्यावर कधींच पडलें नाहीं. ते ती लीग एकदांहि जिंकले नाहींत. मनांतल्या निवडमंडळास कसोटीस लावण्याची युक्ति त्यांनीं काढली, आणि तिच्यांत पहिले नापास होण्याचें धैर्यहि त्यांनींच दाखवलें. तरी दर वर्षीं वसंत ऋतूंत लिलावाच्या टेबलाशीं ते यादी घेऊन पुन्हां येऊन बसत.